अडकलेला सुळा आणि न हललेली चमकी

उमेदीची वर्षं मी लोकांचे फोटो काढण्यात घालवली. त्यातल्या एकाही फोटोत कुणाचे डोळे आले नाहीत, कान आले नाहीत, आणि हसू तर औषधालाही नाही. आले ते दात, तेही एका वेळी तीन, फार तर चार. एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं घाटकोपरला एका दातांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो, त्याची ही हकिकत.

लिहायला बसलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "शालिनीची गोष्ट लिहिणार ना? मग नीट लिहा. दर वेळी सांगताना तुम्ही जास्त जास्त हुशार होत जाता."

तेव्हा आधीच लिहून देतो, की या गोष्टीत मी कुठेही हुशार नाही.

मी मूळचा मुलुंडच्या एका फोटो स्टुडिओत फोटो धुणारा. लग्नाचे जोड, बारशाची बाळं, मॅट्रिक झालेली मुलं, सगळ्यांना मी अंधारात भेटलेलो. घाटकोपरच्या डॉक्टर सामंतांनी लष्कराच्या भंगारातून दातांचं एक्स-रे मशीन उचललं, तेव्हा त्यांना फिल्म धुणारा माणूस हवा होता. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "अंधाराची भीती वाटते?" मी म्हटलं, "नाही." तेवढ्यावर मी एक्स-रेवाला झालो.

ते मशीन दिसायला भयंकर होतं. जमिनीला बोल्टांनी आवळलेला खांब, त्याला दोन कोपरांचा लोखंडी हात, हाताच्या शेवटी डबा आणि डब्याला पुढे निमुळती नळी. ती नळी गालाजवळ आणली की भलेभले लोक विचारायचे, "यातून काय बाहेर येतं?" मी म्हणायचो, "काही नाही, फक्त किरण." एक गृहस्थ उठूनच उभे राहिले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की तिकडे ट्रॉम्बेला अणूचं काहीतरी चाललंय आणि आमच्या डब्यातला माल तिथूनच येतो.

कामाची रीत सोपी होती. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी फिल्म काळ्या कागदाच्या पुडीत असते. ती तोंडात दाताच्या मागे ठेवायची, पेशंटने स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरायची. नळी बाहेरून गालावर रोखायची. मग मी पाटीमागे, म्हणजे लाकडी आडोशामागे जायचो, लांब वायरीचं बटण दाबायचो, मशीन घुर्र करायचं आणि फोटो झाला. पुढे ती फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची. आमची अंधारी खोली म्हणजे दवाखान्याची मोरी. खिडकीला काळा कागद, तांबडा दिवा, आणि ओळीने तीन बरण्या. पहिलीत चित्र उमटवणारं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत चित्र पक्कं करणारा हायपो.

उन्हाळ्यात ही पाणी इतकी तापायची, की फिल्मवरचा थर पाघळून दाढा बरणीच्या तळाशी जमायच्या. म्हणून मी रोज दुपारी कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणायचो. एकदा त्याने चुकून काला खट्टा घातलेला बर्फ दिला. त्या दिवशीच्या फोटोंवर डॉक्टरांनी दोन माणसांना नसलेली कीड दाखवली.

लोकही एकेक असायचे. पुष्कळांना हा फोटो म्हणजे स्टुडिओतलाच फोटो वाटायचा. दाढेच्या फोटोला कोट-टोपी घालून आलेले कारकून मी पाहिलेत. एका व्यापाऱ्याने पावडर लावून यायला वेळ मागून घेतला होता. फिल्म तोंडात गेली की उलटी येणारे तर रोजचे. त्यांना मी म्हणायचो, "नाकाने श्वास घ्या आणि डावा पाय वर उचला." पायाकडे लक्ष गेलं की घसा गप्प बसतो, एवढीच त्यातली युक्ती. एका हवालदारसाहेबांना डावा पाय पुरेना. त्यांनी दोन्ही उचलले, आणि खुर्चीतून बुटांसकट माझ्या अंगावर आले. फोटोत त्यांची दाढ आली नाही, पण माझ्या बरगडीचा फोटो मात्र मला दुसरीकडे जाऊन काढावा लागला.

अशात एक दिवस शालिनी आली. बरोबर तिची आत्या.

शालिनी एकोणीस-वीस वर्षांची, शेलाटी, डोळे खाली घालून बोलणारी. मॅट्रिक होऊन घरी होती. कुटुंब मालवणकडचं; वडील गिरणीत, आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेली. आत्या म्हणजे पार्वतीबाई. ठेंगण्या, भक्कम, हातात छत्री. दवाखान्यात शिरल्या त्या छत्रीच्या टोकाने मशीन दाखवत म्हणाल्या, "ह्या काय? विहिरीवरचा रहाट?"

डॉक्टर सामंत हा तुसडा माणूस. पेशंटशी गप्पा मारणं म्हणजे त्यांना दातातली घाण वाटायची. पण शालिनीचं तोंड बघून ते खुर्ची ओढून बसले. तिच्या वरच्या डाव्या बाजूला सुळा नव्हताच. त्या जागी दुधाचा इवलासा दात अजून बसून होता. त्याच्या शेजारचा, पुढचा दात हलत होता.

"हा कधीपासून हलतोय?"

"दिवाळीपासून," शालिनी म्हणाली. मग एकदम म्हणाली, "डॉक्टर, हा जाणार का? मला पुढच्या महिन्यात टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी बोलावलंय. तिथे बोलायची परीक्षा असते."

"म्हणजे?"

"फोनवर बोलायला लावतात. आकडे, गावांची नावं. उच्चार स्वच्छ लागतात." ती थांबली. "आमच्या चाळीत एकीचा पुढचा दात गेला तेव्हापासून ती 'सासूबाई' म्हणाली की शिट्टी वाजते."

आत्या म्हणाल्या, "वाजता खरी. कुत्रे येतत."

कुणी हसलं नाही. घरात मिळवता एकच, तोही खोकल्याने बेजार, आणि ही नोकरी म्हणजे त्या पोरीने स्वतः अर्ज करून, स्वतः इंग्रजी आकडे पाठ करून मिळवलेली संधी. दात गेला तर संधी गेली, हे तिला आमच्यापेक्षा नीट ठाऊक होतं.

पहिल्या फोटोतच चोर सापडला. तिचा सुळा हरवला नव्हता. तो वर हाडात आडवा होऊन रुतून बसला होता आणि त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाला ढोसत होतं. तो काढायला हवा हे उघड होतं. प्रश्न होता तो कुठल्या बाजूने.

आता हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा यावरच आहे. फोटो चपटा असतो. त्यात सुळा मुळावर पडलेला दिसतो, पण तो मुळाच्या पुढे, ओठाकडे आहे, की मागे, टाळूकडे, हे फोटो सांगत नाही. पुढे असेल तर ओठाकडून कापायचं, मागे असेल तर टाळूकडून. आणि मुळांच्या रांगेतच घुसला असेल तर वाट करायला पुढचा दातच उपटावा लागायचा.

त्याची तपासणी अशी. एक बोट डोळ्यांजवळ धरा, दुसरं त्याच्या मागे लांब धरा. एक डोळा मिटा आणि डोकं उजवीकडे न्या. लांबचं बोट तुमच्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखं दिसेल, जवळचं डावीकडे. आमच्या कामात नळी म्हणजे डोळा. पहिला फोटो समोरून काढायचा, दुसरा नळी कानाकडे सरकवून. सुळा नळीच्या मागोमाग गेला तर तो लांब, म्हणजे टाळूकडे. उलट गेला तर जवळ, म्हणजे ओठाकडे. आणि जागचा हललाच नाही तर मुळांच्या रांगेत. माझे मुलगे लहान असताना जेवणाच्या ताटावर मी त्यांना हे पळी आणि वाटीने समजावत असे. दोघेही पुढे कॉमर्सला गेले.

दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं. फोटोआधी मी शालिनीला म्हटलं, "नाकातली चमकी काढून ठेवा." धातू फोटोत पांढराफटक येतो, मधे लुडबुडतो. शालिनीने प्रयत्न केला, आत्यांनी केला, मी चिमट्याने केला. चमकीची फिरकी गच्च बसली होती. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

"ऱ्हवांदे मेली," आत्या म्हणाल्या. "आजयेची हा. फोटोत इली तर इली. उलट शोभतली."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "राहू दे. मुळं दिसली म्हणजे झालं."

फिल्म ठेवली, नळी समोर धरली, आडोशामागे गेलो, घुर्र. दुसरी फिल्म ठेवली, नळी चांगली कानाकडे नेली, आडोशामागे गेलो, घुर्र. मोरीत जाऊन दोन्ही धुतल्या आणि ओल्याच चिमट्याला लटकवून डॉक्टरांना नेऊन दिल्या.

डॉक्टरांनी खिडकीशी धरल्या. एक बघितली, दुसरी बघितली. पुन्हा पहिली. मान हलवली.

"हललाच नाही," ते म्हणाले. "तसूभरसुद्धा नाही. मुळांच्या रांगेतच आहे."

शालिनीला अर्थ कळला. तिने जिभेने तो दात आतून हळूच चाचपला, आणि ओठ मिटून घेतले.

डॉक्टर खाकरले. त्यांना असं काही सांगायचं असलं की ते आणखीच तुसडे व्हायचे. "दात जाईल. नंतर कवळीचा एक दात बसवून देऊ. पण महिन्याभरात त्याची सवय... मी खोटं सांगणार नाही."

"परीक्षा पुढे ढकलत नाहीत," शालिनी म्हणाली.

तेवढ्यात आत्या उठल्या, डॉक्टरांच्या कोपराखालून मान घालून फोटो बघू लागल्या. नात्यागोत्याच्या मंडळींचा फोटो हातात आल्यावर बघतात तसं.

"ह्या तिचा दात?"

"हो."

"आणि ह्या पांढरा?"

"ती चमकी," मी शरमून म्हणालो.

आत्यांचा चेहरा उजळला. "अगो बाय, बघ गो! आजयेची चमकी कशी झकास इली हा! दोन्ही फोटोत, एकाच जाग्यार!"

"आत्याबाई, बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "काय म्हणालात?"

"झकास इली म्हटला."

"त्याच्यानंतर."

"एकाच जाग्यार."

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म पुन्हा वर केल्या. मग एकावर एक ठेवल्या. चमकी चमकीवर बसली. ते माझ्याकडे वळले. "अहो फोटोवाले, चमकी कुठे असते?"

"नाकात."

"नाक कुठे असतं?"

या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सौभाग्यवती म्हणतात, मी स्वतःच्या नाकाला हात लावून खात्री केली असणार.

"नाक बाहेर असतं!" डॉक्टर ओरडले. "सगळ्यात जवळ! नळी कानाकडे नेली की सगळ्यात आधी चमकी पळायला हवी, उलट्या दिशेला. ती जागची हलली नाही म्हणजे काय? तुम्ही नळी सरकवलीच नाहीत!"

"सरकवली! चांगली हातभर!"

"मग नाक आपलं आपण मागे गेलं?"

मी आईची शपथ घ्यायला निघालो, पण डॉक्टरांनी मला थांबवलं. "शपथ राहू दे. जसं केलंत तसंच आत्ता करून दाखवा. बटण दाबू नका. मी दारात उभा राहतो."

मी शालिनीला खुर्चीत बसवलं. फिल्म नव्हती, तरी तिने अंगठा तोंडात घातला. नळी समोर धरली, आडोशामागे गेलो, तोंडाने घुर्र केलं. बाहेर आलो. नळी कानाकडे नेली. पुन्हा आडोशामागे गेलो. आणि मी दिसेनासा झालो त्या क्षणी खुर्चीमागे उभ्या असलेल्या आत्यांनी शालिनीची हनुवटी दोन बोटांत धरली आणि अलगद नळीकडे वळवली.

"हंय बघ गो," त्या कुजबुजल्या. "मशीन हंय गेला. तू थंय कित्या बघतस?"

"घुर्र," मी आडोशामागून म्हणालो.

"थांबा!" डॉक्टर दारातून म्हणाले. मी बाहेर आलो तर शालिनी तोंडात अंगठा घालून सरळ नळीच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली होती, नवरीच्या फोटोला बसावी तशी.

नळी हलवून उपयोग काय? डोकंही तिच्याबरोबर हललं होतं. आमचे दोन्ही फोटो एकच होते.

"आत्याबाई," डॉक्टर शक्य तितक्या मऊपणे म्हणाले, "मान का फिरवलीत?"

"का म्हणजे? फोटो काढताना कॅमेऱ्याकडे बघूक नको? आमच्या भावाच्या लग्नात एकान बघूक नाय. अजून त्या फोटोत ता शेजारच्या खांबाकडे बघता."

"हा तसला फोटो नाही हो!"

"मगे ह्यांका फोटोवाले कित्या म्हणतास?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नळीकडे.

पुन्हा फोटो काढायचा ठरलं. आत्यांना बाहेर बसा म्हटलं तर त्या छत्री आडवी धरून उभ्या राहिल्या. तरण्या पोरीला दोन बाप्यांबरोबर एकटी ठेवून त्या कुठे जाणार? शेवटी तोड निघाली. शालिनीचं डोकं डॉक्टरांनी पट्टीच्या कापडाने खुर्चीच्या उशीला बांधलं, आणि आत्यांना माझ्याबरोबर आडोशामागे उभं केलं. बटण दाबायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तिका सांगू, जरा हस म्हणान?" मी म्हटलं, "सांगू नका." घुर्र झालं.

धुवायला मी मोरीत शिरलो तर मागोमाग डॉक्टरही शिरले. एरवी ते कधी आत येत नसत. त्या मोरीत एक माणूस आणि तीन बरण्या एवढीच जागा. त्या तांबड्या उजेडात आम्ही दोघं पोटाला पोट लावून फिल्मकडे बघत होतो. आधी काहीच नसतं, नुसता दुधी कागद. मग कडा येतात, मग मुळं धुक्यातल्या खांबांसारखी वर येतात. डॉक्टरांचा श्वास माझ्या कानात येत होता. चमकी सगळ्यात आधी उमटली आणि ती आपल्या जागेवर नव्हती. पुढे पळाली होती, नाकाच्या शेंड्याकडे.

"सुळा," डॉक्टर म्हणाले. "सुळा बघा."

सुळा सावकाश आला. मागच्या दोन फोटोंत त्याचं टोक मुळाच्या बरोबर मधोमध होतं. आता ते मागे सरकलं होतं. नळी गेली तिकडे. कानाकडे.

"टाळूकडे आहे!" डॉक्टर ओरडले. "मागे आहे, लबाड! दात वाचला!" आनंदाच्या भरात त्यांनी मला मिठी मारली आणि त्यांचं कोपर हायपोच्या बरणीत गेलं. फिल्म पक्की व्हायची राहिलीच होती. बरणी आडवी होताना मी फिल्म कशी वाचवली ते मला माहीत नाही. डॉक्टरांचा सदरा मात्र कायमचा गेला. दाराबाहेरून आत्यांचा आवाज आला, "आत काय मारामारी चालली हा?"

त्या आठवड्यातच डॉक्टरांनी टाळूकडून चीर देऊन सुळा काढला. सरळ येईना म्हणून दोन तुकड्यांत काढला. मी आरसा धरून उभा होतो, म्हणजे अर्धा वेळ डोळे मिटून उभा होतो. पुढच्या दाताला धक्का लागला नाही. टाके पडले तेव्हा शालिनी "स" म्हणू लागली की "थ" यायचं, टाळू सुजलेली. रोज संध्याकाळी ती टाके दाखवायला यायची आणि खुर्चीत बसून आम्हाला आकडे म्हणून दाखवायची. डॉक्टर पाठ करून उभे राहायचे आणि चुकलं की म्हणायचे, "पुन्हा." एकदा "सहासष्ट" त्यांनी इतक्या वेळा म्हणवून घेतलं, की बाहेर बसलेल्या पेशंटला वाटलं आत लिलाव चाललाय.

हळूहळू सूज उतरली, दात रुजला, परीक्षा झाली. निकाल सांगायला आत्या एकट्याच आल्या. शालिनी शिकाऊ म्हणून त्याच दिवशी कामावर रुजू झाली होती. डॉक्टरांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि हात धुवायला गेले.

पण मग एक गंमत सुरू झाली. ज्या माणसाला सख्ख्या बहिणीला कार्ड लिहायचा कंटाळा, तो साताऱ्याच्या बहिणीला ट्रंक कॉल लावू लागला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. कॉल लागायला तास तास लागायचा. ऑपरेटर मुलगी लाइनवर आली की डॉक्टर दोन शब्द ऐकायचे आणि चेहरा पाडून बहिणीशी हवापाण्याचं बोलायचे. बहिणीला वाटलं, भाऊ आजारी आहे. तिने आपल्या यजमानांना बघायला पाठवलं. ते दोन दिवस राहून, एक दाढ काढून घेऊन परत गेले.

एका संध्याकाळी पेशंट संपले होते, मी बरण्या धूत होतो. फोन वाजला. डॉक्टरांनी उचलला, आणि मोरीच्या दिशेने हात हलवून मला जोरजोरात बोलावलं. मी ओल्या हातांनी धावलो. त्यांनी रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांच्या मधे धरला.

"सातारा सहासष्ट," पलीकडून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक "स" धुऊन वाळत घातल्यासारखा. "साहेब, आपला सातारा कॉल लागलाय. बोला."

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट ऐकू आलं नाही."

"सातारा सहासष्ट, साहेब."

"पुन्हा एकदा सांगता का?"

"सातारा. सहा-सष्ट." आवाजात जरा धार आली. "साहेब, लाइन खोळंबलीय."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वरचे दात त्यांचे फारसे चांगले नव्हते. "थँक यू," ते अतिशय अदबीने म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून दिला.

साताऱ्याला त्यांची बहीण बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत होती, असं नंतर तिच्या पत्रातून कळलं.